लाल डोळा आणि आखडलेली पाठ: दोन डॉक्टरांकडे विभागलेला एकच आजार

एका डोळ्यात दोन दिवसांत ठणका भरतो, डोळा लालबुंद होतो, खिडकीतून येणारा उजेडही सोसवत नाही. त्याच माणसाची कंबर गेली काही वर्षं त्याला पहाटे जागं करत असते. डोळा तो नेत्रतज्ज्ञांना दाखवतो, कंबर हाडांच्या डॉक्टरांना. नेत्रतज्ज्ञांकडे पाठीचा विषय निघत नाही, कारण तिचा इथे काय संबंध, असं त्याला वाटतं. हाडांच्या डॉक्टरांकडे डोळ्याचा विषय निघत नाही, कारण तोवर तो बरा झालेला असतो. वर्षं निघून जातात. ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच आजाराची असतात, आणि हे ज्याला वेळेवर कळतं त्याची नजर आणि कणा दोन्ही सांभाळता येतात. म्हणूनच हे सगळं सविस्तर सांगावंसं वाटतं.

डोळ्याच्या दुखण्याचं नाव युव्हिआयटिस. त्याचा इथे महत्त्वाचा असलेला प्रकार म्हणजे ॲक्यूट अँटिरियर युव्हिआयटिस, म्हणजेच डोळ्याच्या पुढच्या भागात अचानक उद्भवणारा दाह. काही डॉक्टर त्याला आयरायटिस असंही म्हणतात. कण्याच्या दुखण्याचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. आणि या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे एचएलए-बी२७ नावाचं जनुकीय वैशिष्ट्य, जे आईकडून किंवा वडिलांकडून येतं.

डोळ्याच्या आत काय घडतं

डोळ्याच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा आणि चिवट. सर्वांत आतला प्रकाश टिपणारा, म्हणजे दृष्टिपटल. या दोघांच्या मधला थर रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. त्यालाच युव्हिआ म्हणतात. बाहुलीभोवतीचा काळा-तपकिरी पडदा, म्हणजे आयरिस, हा त्याचा पुढचा भाग. आयरिसच्या मागे सिलिअरी बॉडी असते. तिथे डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) तयार होतं, आणि जवळचं-लांबचं पाहताना भिंगाचा आकार बदलणारा स्नायूही तिथेच असतो. हा पुढचा भाग सुजला की झाला अँटिरियर युव्हिआयटिस.

सूज आली की तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि त्यांतून पांढऱ्या पेशी व प्रथिनं डोळ्यातल्या स्वच्छ पाण्यात झिरपतात. नेत्रतज्ज्ञ अंधाऱ्या खोलीत स्लिट लॅम्पची बारीक तिरीप डोळ्यात सोडतात, तेव्हा कवडशात धूलिकण तरंगावेत तशा या पेशी त्यांना दिसतात. पेशी किती आणि पाणी किती गढूळ, यावरून दाहाची तीव्रता ठरते. उघड्या डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त लाल डोळा, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

लाल डोळा म्हटलं की आपल्या मनात पहिलं येतं ते ‘डोळे आले’. पण डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते, पापण्या चिकटतात, खाज येते, डोळ्यात काहीतरी खुपल्यासारखं वाटतं. संसर्ग बहुतेक वेळा एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो, आणि नजर सहसा शाबूत राहते. युव्हिआयटिसमध्ये घाण येत नाही, नुसतं पाणी येतं. दुखणं खोलवर असतं, कधी भुवईपर्यंत जातं. लाली बुबुळाच्या कडेभोवती जास्त गडद असते. बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसू शकते आणि नजर धुरकट होते. उजेड तर अजिबात नको वाटतो, कारण उजेड पडला की बाहुली आकुंचन पावते आणि सुजलेला आयरिस हलला की कळ उठते. दोन्ही बाहुल्या एकत्र हलतात, त्यामुळे चांगल्या डोळ्यावर प्रकाश टाकला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ येऊ शकते. ही खूण डोळे येण्यात सापडत नाही.

हा आजार डोळे येण्याच्या मानाने फार कमी लोकांना होतो. त्यामुळे पहिल्या भेटीत कुणी जंतुनाशक थेंब लिहून देतं, आणि सात-आठ दिवस त्यात जातात. ते दिवस महागात पडू शकतात. दाहामुळे आयरिसची मागची बाजू चिकट होते आणि ती मागच्या भिंगाला चिकटू लागते. बाहुलीचा गोल मोडून ती वेडीवाकडी होते. हे चिकटणं सुरुवातीलाच थेंबांनी सोडवता येतं. पुढे ते पक्कं होतं. बाहुलीची सगळी कड चिकटली तर डोळ्यातल्या पाण्याची पुढे यायची वाट बंद होते, दाब वाढतो आणि दृष्टीची नस कायमची दुखावू शकते, म्हणजे काचबिंदू होतो. वारंवार दाह झाला तर मोतीबिंदू लवकर येतो. काहींच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साचतं आणि वाचता येणंच अवघड होतं. म्हणून दुखरा, लाल, उजेड न सोसणारा डोळा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, स्लिट लॅम्प असलेल्या नेत्रतज्ज्ञांनी पाहायला हवा. इथे ‘बघू दोन दिवस’ चालत नाही.

एचएलए-बी२७ शी जोडलेल्या युव्हिआयटिसची एक ठरलेली चाल असते, आणि अनुभवी नेत्रतज्ज्ञांना नुसत्या हकिकतीवरूनही तिचा संशय येतो. रुग्ण बहुधा विशी ते चाळिशीतला. झटका अचानक येतो आणि एका वेळी एकाच डोळ्यात येतो. पुढचा झटका त्याच डोळ्यात येईल किंवा दुसऱ्या. दाह जोरदार असतो, इतका की कधी बुबुळाच्या खालच्या भागात पांढऱ्या पेशींचा थर साचलेला दिसतो. योग्य उपचार मिळाले की साधारण दीड-दोन महिन्यांत डोळा शांत होतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये तो पूर्ण निरोगी दिसतो. वेळेवर उपचार घेणाऱ्या बहुतेकांची नजर चांगली राहते. घाबरवणाऱ्या गोष्टी वर इतक्या लिहिल्यावर हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

थेंब, आणि थेंबांबद्दलची एक कळकळीची विनंती

उपचाराचा कणा म्हणजे स्टिरॉइडचे थेंब. सुरुवातीला जागेपणी दर तासाला, कधी त्याहूनही वारंवार. मग दाह उतरेल तसे हळूहळू कमी करत काही आठवड्यांत बंद. जोडीला बाहुली मोठी करणारे थेंब असतात. त्यांनी जवळचं धूसर दिसतं म्हणून अनेक जण ते टाळतात, पण आयरिस भिंगाला चिकटू न देणं आणि स्नायूची कळ थांबवणं ही दोन्ही कामं तेच करतात. दाह थेंबांना दाद देत नसेल तर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन किंवा काही काळ पोटातून स्टिरॉइड द्यावं लागतं.

डोळा चौथ्या-पाचव्या दिवशी बरा वाटायला लागतो आणि लोक थेंब सोडून देतात. दाह अजून आत धुमसत असतो, तो उसळून वर येतो. थेंब कधी आणि कसे कमी करायचे हे आरशात पाहून ठरत नाही, स्लिट लॅम्पखालीच ठरतं. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मागच्या झटक्यातली उरलेली बाटली पुढच्या लाल डोळ्यासाठी परस्पर उघडू नका. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूमुळे कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम झाली असेल तर तीही लाल, दुखऱ्या डोळ्याच्याच रूपात येते, आणि तिच्यावर स्टिरॉइड पडलं तर जखम पसरते. शिवाय हे थेंब काहींच्या डोळ्याचा दाब वाढवतात, म्हणून उपचार चालू असताना दाब मोजून घ्यावा लागतो. ज्यांना झटके पुन्हापुन्हा येतात त्यांनी डोळा शांत असतानाच नेत्रतज्ज्ञांना विचारून ठेवावं: पुन्हा सुरू झालं तर पहिल्या काही तासांत मी काय करू, आणि तुम्ही नसाल तर कुणाकडे जाऊ? या प्रश्नाचं उत्तर आधीच हाताशी असणं फार मोलाचं आहे.

पाठ

पाठदुखी कुणाला होत नाही? म्हणूनच ही पाठदुखी ओळखता येणं महत्त्वाचं. जड उचलल्याने, बसून राहिल्याने होणारं दुखणं हालचालीने वाढतं आणि आडवं पडलं की बरं वाटतं. दाहामुळे होणाऱ्या दुखण्याची तऱ्हा याच्या नेमकी उलट. ते विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं. रात्रीच्या उत्तरार्धात ते झोपमोड करतं, उठून चार पावलं टाकली की जरा मोकळं वाटतं. सकाळी पाठ आखडलेली असते, ती सैल व्हायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. सुरुवात हळूहळू होते, बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत, आणि दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकतं. कधी एका कुल्ल्यात, कधी दुसऱ्यात दुखतं. दाहविरोधी वेदनाशामकांनी एक-दोन दिवसांत स्पष्ट फरक पडतो. काहींना टाचही दुखते, कारण स्नायूबंध आणि अस्थिबंध जिथे हाडाला जुळतात त्या जागा या आजारात खास सुजतात.

सुरुवात होते ती कण्याच्या तळाशी, जिथे त्रिकास्थी ओटीपोटाच्या हाडांना जोडलेलं असतं त्या दोन सांध्यांत. पुढे दाह वर सरकू शकतो. या दाहाची विचित्र गोष्ट अशी की तो आधी हाड खातो आणि मग त्याच जागी नको तिथे नवं हाड तयार होतं. मणक्यांच्या मध्ये हाडाचे पूल बांधले जातात आणि काहींचा कणा कालांतराने एकसंध, ताठ होतो. बेख्तेरेव, श्ट्रुम्पेल आणि मारी या तीन डॉक्टरांनी १८९३ ते १८९८ या काळात या आजाराची वर्णनं केली, ती अशाच वाकून ताठरलेल्या रुग्णांची होती. त्यामुळे अजूनही अनेकांच्या मनात आजाराचं तेच चित्र आहे. आज निदान वेळेवर झालं तर बहुतेकांची तशी अवस्था होत नाही.

पण निदान वेळेवर होत नाही, हेच तर दुखणं आहे. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी काही वर्षं जातात. एक्स-रेमध्ये सांध्यांतले बदल दिसायलाच बराच काळ लागतो. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विषय मिटतो, मात्र एमआरआयमध्ये तोच दाह खूप आधी दिसलेला असता. रक्तातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्याही अनेक रुग्णांत नॉर्मल येतात. स्त्रियांच्या बाबतीत उशीर आणखी होतो, कारण हा पुरुषांचा आजार, असा समज दीर्घकाळ रुजलेला होता. एक्स-रेवर काही न दिसणाऱ्या टप्प्यातले रुग्ण मोजले तर स्त्री-पुरुषांचं प्रमाण बरंच जवळ येतं.

बी२७ चं काय

आपल्या बहुतेक पेशी त्यांच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवतात. ते धरून ठेवणारे रेणू म्हणजे एचएलए. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी हे तुकडे तपासत फिरतात. तुकडा विषाणूचा निघाला तर ती पेशी मारली जाते. एचएलए रेणूंची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसागणिक त्यांत खूप विविधता असते. बी२७ हा त्यांतला एक प्रकार.

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या बहुसंख्य रुग्णांत हा प्रकार असतो. लंडनच्या ब्रूअर्टन यांच्या गटाने त्याच वर्षी अँटिरियर युव्हिआयटिसशीही त्याचा संबंध दाखवला. म्हणजे डोळा आणि कणा यांचं नातं पन्नास वर्षांपूर्वीच कागदावर आलेलं आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ८ टक्क्यांमध्ये बी२७ असतो, पण त्यांच्यातल्या स्पाँडिलायटिसच्या रुग्णांत हे प्रमाण ८० ते ९० टक्क्यांच्या घरात जातं. ॲक्यूट अँटिरियर युव्हिआयटिसच्या रुग्णांत ते निम्म्याच्या आसपास असतं. जपानमध्ये आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागात बी२७ एक टक्क्याहूनही कमी लोकांत आढळतो, तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याच्या हैदा समाजात जवळपास निम्म्या लोकांत.

या आकड्यांची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, आणि चाचणीचा कागद हातात पडल्यावर लोक तीच विसरतात. बी२७ असलेल्यांपैकी बहुतांश लोकांना आयुष्यात कधीच स्पाँडिलायटिस होत नाही. होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात काही मोजक्यांचं. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आजार सांगत नाही, फक्त शक्यता वाढल्याचं सांगतो. आणि चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असंही नाही.

मग ज्यांना होतो त्यांना का होतो? याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, पण धागे हाती येत आहेत. मानवी बी२७ जनुक बसवलेल्या उंदरांना सांध्यांचा आणि आतड्याचा दाह होतो. तेच उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर हा दाह होत नाही. म्हणजे आतड्यातल्या जंतूंचा यात हात असावा. प्रथिनांचे तुकडे कापून तयार करणाऱ्या एराप-१ या एन्झाइमच्या जनुकातले फरकही धोका बदलतात, पण ते मुख्यतः बी२७ असणाऱ्यांतच. म्हणजे बी२७ वर कोणता तुकडा मांडला जातो यालाच काहीतरी महत्त्व आहे. २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेलं एक संशोधन मला यातलं सर्वांत बोलकं वाटतं. युव्हिआयटिसच्या रुग्णांच्या डोळ्यातून आणि स्पाँडिलायटिसच्या रुग्णांच्या सांध्यांतून घेतलेल्या टी-पेशींत एकाच धाटणीचे रिसेप्टर सापडले. ते बी२७ वर मांडलेले जिवाणूंचे तुकडे ओळखत होते आणि आपल्या स्वतःच्या शरीरातले काही तुकडेही. जंतू समजून शरीर स्वतःवरच उलटतं, आणि डोळ्यात व सांध्यात उलटणारी पेशी एकाच जातीची असू शकते, असा त्याचा अर्थ निघतो.

इतका त्रासदायक प्रकार माणसात टिकून कसा राहिला, हा प्रश्नही पडतो. बी२७ असलेल्यांमध्ये एचआयव्हीचा संसर्ग हळू पुढे सरकतो आणि हेपेटायटिस सी चा विषाणू शरीरातून आपोआप निघून जाण्याची शक्यता जास्त असते, असं आढळलं आहे. विषाणूंशी चांगलं लढणं हे बहुधा त्याच्या टिकण्याचं एक कारण.

एकाचं औषध दुसऱ्यालाही बघून

स्पाँडिलायटिसच्या रुग्णांपैकी साधारण चारात एक ते तिनात एक जणाला कधी ना कधी युव्हिआयटिस होतो. उलट दिशेने पाहिलं तर चित्र आणखी बोलकं आहे. डब्लिनमधल्या एका अभ्यासात कारण न सापडलेल्या ॲक्यूट अँटिरियर युव्हिआयटिसच्या रुग्णांची नीट तपासणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के जणांत तोवर निदान न झालेला स्पाँडिलायटिसच्या कुळातला संधिवात निघाला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्यावरून नेत्रतज्ज्ञांसाठी एक साधी रीत तयार झाली: ४५ वर्षांच्या आत सुरू झालेली दीर्घ पाठदुखी किंवा डॉक्टरांकडे जावं लागेल अशी सांधेदुखी आहे का, हे विचारा. असेल तर बी२७ ची चाचणी करा. ती पॉझिटिव्ह असेल किंवा रुग्णाला सोरायसिस असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवा. एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो न विचारल्याने कुणाची पाच-सात वर्षं जावीत, हे मला फार खटकतं.

डोळ्याचा इतिहास माहीत असणं औषध निवडतानाही लागतं. पाठीसाठी पहिली पायरी म्हणजे दाहविरोधी वेदनाशामक आणि रोजचा व्यायाम. हा व्यायाम कण्याची लवचीकता आणि छातीचं प्रसरण टिकवणारा, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला असावा. औषधाइतकंच त्याचं महत्त्व आहे. धूम्रपान करणाऱ्यांत कण्याची हानी जास्त होते, ते सोडणं उपचाराचाच भाग. एवढ्याने भागलं नाही तर जैविक औषधं (बायोलॉजिक्स), म्हणजे दाह घडवणारा एखादा नेमका रेणू रोखणारी औषधं, येतात. त्यांतली टीएनएफ नावाचा दाहकारक रेणू रोखणारी औषधं सर्वांत जुनी. पाठीवर ती सगळीच चालतात, पण डोळ्याच्या बाबतीत सारखी नाहीत. ॲडॅलिम्युमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब युव्हिआयटिसचे झटके चांगले कमी करतात, इटानरसेप्ट तेवढं करत नाही. आयएल-१७ हा दुसरा दाहकारक रेणू रोखणारं सेक्युकिन्युमॅब पाठीसाठी मान्य आहे, पण युव्हिआयटिससाठी घेतलेल्या चाचण्यांत ते अपेक्षेला उतरलं नाही. म्हणून डोळ्याला वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाने संधिवाततज्ज्ञांना ते न सांगणं म्हणजे चुकीचं औषध निवडलं जाण्याची सोय करणं. ज्यांचा त्रास मुख्यतः डोळ्याचाच आहे अशा काहींत झटके कमी करायला सल्फासलाझिन वापरतात. टीएनएफ रोखणारी औषधं सुरू करण्याआधी लपलेला क्षयरोग आहे का, हे तपासावंच लागतं, कारण ही औषधं त्याला जागं करू शकतात.

क्षयरोगाचा संबंध आणखी एका कारणाने आहे. प्रत्येक युव्हिआयटिस बी२७ चा नसतो. क्षय, सिफिलिस, हर्पिस, सार्कॉइडोसिस, बेहसेट आजार यांतही डोळ्याला असाच दाह होतो. म्हणून झटका परत आला, दोन्ही डोळ्यांत आला किंवा डोळ्याच्या मागच्या भागात गेला, तर कारण शोधणाऱ्या तपासण्या टाळू नयेत. बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहून घेणं तर पहिल्याच भेटीत व्हायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद बरोबर ठेवा: कोणता डोळा, कधी, किती दिवस, कोणते थेंब, मध्ये दाब वाढला होता का. त्याच कागदावर पाठ सकाळी किती वेळ आखडते, रात्री जाग येते का, टाच किंवा गुडघा सुजतो का, त्वचेवर सोरायसिसचे चट्टे किंवा दीर्घकाळ पोट बिघडण्याचा त्रास आहे का, घरात कुणाला असं काही आहे का, तेही लिहा. आतड्याचा दाह आणि सोरायसिस हे याच कुळातले आजार आहेत. हाच कागद नेत्रतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनाही दाखवा.

एक प्रश्न आईवडिलांना छळतो: मुलांचं काय? आई किंवा वडिलांपैकी एकाकडे बी२७ ची एक प्रत असेल तर प्रत्येक अपत्याकडे ती जाण्याची शक्यता निम्मी असते. ज्या घरात आजार आहे तिथल्या बी२७ असलेल्या मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांना आजार होत नाही. लक्षणं नसलेल्या मुलाची चाचणी करून हाती फारसं काही लागत नाही, कारण आजार टाळणारा उपाय आज उपलब्ध नाही आणि कागदावरची ती नोंद मात्र मुलाला उगाच चिंतेत टाकते. त्याऐवजी मुलं मोठी झाली की त्यांना दोन खुणा सांगून ठेवाव्यात: हालचालीने कमी होणारी, पहाटे उठवणारी पाठदुखी, आणि उजेड न सोसणारा, दुखणारा लाल डोळा. यांतलं काही सुरू झालं, तर घरात हा आजार आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.